बाटलीतलं अर्धं पाणी

पारनेरच्या स्टँडजवळ पंक्चर काढणारा आमचा एक शेजारी आहे. पेल्यात घोटभर पाणी उरलं, तरी तो हातातलं काम टाकून उठतो आणि दारातल्या कडुलिंबाला घालतो. चहाचे कपसुद्धा त्याच झाडाखाली विसळतो. मला कधीकधी त्याचा वैताग येतो.

गल्लीने कोकणात सहल काढली, तेव्हा तो आला तो फक्त डॉल्फिन बघायला. होडीत मी बाटलीतलं उरलेलं कोमट पाणी समुद्रात ओतू लागलो, तर त्याने माझा हात धरला.

“आवो गुरुजी, हितं कशाला? हितं लई हाय.”

बाटली त्याने घेतली, पण टोपण खाली पडलं. तो फळीखाली वाकून ते शोधत होता, तेवढ्यात होडीला लागूनच दोन डॉल्फिन वर आले आणि गेले. मग दिसलेच नाहीत. परतीच्या वाटेवर टोपण घट्ट लावलेली ती बाटली त्याने मांडीवरच धरली होती.

घरी पोचल्यावर पिशव्या गाडीतच ठेवून त्याने आधी ती बाटली कडुलिंबाच्या बुडाशी रिकामी केली. मग हळूच मला विचारलं, “गुरुजी, त्या माशाचं त्वांड कसं असतंय वो?”