बारा महिने लढणाऱ्यांचं पोट

अद्भुत कथांतल्या लढवय्या जमाती दिसल्या की माझं डोकं फिरतं. हजारो सुळेवाले सैनिक, कवट्यांच्या माळा, काळाकुट्ट किल्ला; आणि किल्ल्याखाली भाताचं एक खाचर नाही, शेणाची पाटी उचलणारं माणूस नाही. हे वीर गिळतात काय, शौर्य? एवढं तुच्छतेनं बोलायचा हक्क मला आहे, कारण अशी एक फुकटखाऊ जमात मीच निपजवली होती.

नव्वदच्या दशकात कॉलेज सोडून मुरबाडकडच्या आमच्या गावी बसलो होतो आणि दोनशेपानी वहीत महाकादंबरी लिहीत होतो. माझे योद्धे बारा महिने लढत. वैशाखात काकीनं राब भाजायचं काम माझ्यावर टाकलं. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पालापाचोळा आणि वर माती पसरून सगळं धिम्या आगीत भाजायचं, म्हणजे तणाचं बी मरतं. त्यासाठी आग वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावतात, म्हणजे ती सावकाश सरकते. पण माझ्या डोक्यात सेनापती शत्रूची शेतं जाळत होता. मी वाऱ्याच्या अंगानं काडी ओढली. भडका काय देखणा! घटकेत खेळ खल्लास, खालची माती गारच.

आषाढात रोपं थोडी आणि तणच फार. वर्षाचा अर्धा तांदूळ देणारं ओढ्याकडचं खाचर पडीक राहणार, हे दिसायला लागलं.

"तुझी ती राक्षसा खातात काय रे?" काकीनं विचारलं.

"लूट. शेजारच्या राज्याची."

"मंग शेजाऱ्याला मारला तं पुढल्या साली भात कोण लावल? तुझा सेनापती? त्याला तं राब पण भाजता येत नाय. जा, शेजारणीकं रोप उरलाय, माग."

या शेजारणीशी बांधावरून आमचा सात वर्षं अबोला होता. माझ्या कादंबरीत अशा वेळी दूत पाठवत आणि दूताचं मुंडकं परत येई. मी मुंडकं खाली घालूनच गेलो.

"रोप देतंय," ती चिखलातून मान वर न करता म्हणाली, "पण उपटायचा तूच."

मी उतरलो. पहिल्याच जुडीची मुळं तुटली.

"वैऱ्याच्या झिंज्या हायेत का रे त्या? हलक्या हातानं!"

दोन दिवस तिच्या चिखलात, तिसऱ्या दिवशी आमच्या. संध्याकाळी खाचर लागलं, तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली.

"वाकडा लावलाय गो," ती काकीला म्हणाली.

"यानंच लावलाय," काकी म्हणाली, आणि दोघी मिळून मला हसल्या.