नमुन्यापुरतं एक मिनिट

जपानी भाषेत पाण्याला काय म्हणतात हे जपानभाऊंना ठाऊक नव्हतं. पण जपानी गाण्यांचा विषय निघाला की त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायची सोय नव्हती. "त्यातलं तुम्हाला नाय कळायचं, वैनी," असं ते मला माझ्याच घरात, मीच केलेलं बिरडं तिसऱ्यांदा वाढून घेत सांगत. त्यांना तरी कुठे कळत होतं म्हणा! पण न कळणाऱ्या माणसाला जो आत्मविश्वास असतो, तो भाऊंकडे पोत्यानं होता.

खरं नाव पासपोर्टावर होतं, ते तिथेच राहिलं. मूळचे गुहागरकडचे. इथे आखातात, राई भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे, रिग्गईला चौघांच्या खोलीत राहायचे. माझे मिस्टर त्याच गॅरेजात सुपरवायझर, त्यामुळे दर शुक्रवारी आमच्या सालमियाच्या फ्लॅटवर जेवायला यायचे. हातात सीडी प्लेअर, बगलेत पेटी. एखादा माणूस जेवायला येताना केळी आणतो, मिठाई आणतो. भाऊ आम्हाला न समजणारी गाणी आणत.

ही पेटी त्यांना मिळाली त्याचीही एक गंमत आहे. गॅरेजात एकदा जपानहून एक इंजिनिअर सहा महिन्यांसाठी शिकवायला आला होता. परत जाताना त्याचं सामान वजनात बसेना, म्हणून त्यानं सीड्यांची पेटी भाऊंच्या हाती दिली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अडगळ गळ्यात घातली. भाऊंनी मात्र ते वारसाहक्काचं प्रकरण केलं. प्रत्येक सीडी मलमलच्या फडक्यानं पुसायची, लावण्याआधी सगळ्यांना सरळ बसवायचं. गाणं चालू असताना माझ्या कुकरची शिट्टी झाली तर माझ्याकडे असं बघायचे, की जणू मीच शिट्टी मारली.

"आपला माल खपवायची घाई जपान्यांना नाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. "जग येईल. वाट बघायची."

आणि एके काळी जग खरंच आलं होतं. गॅरेजमालकाचा मुलगा अरबीत बोलणारी जपानी कार्टून बघत लहानाचा मोठा झालेला. सुट्या भागांच्या काउंटरवरची फिलिपिनो पोरगी दिवसभर जपानी गाणी गुणगुणायची. दोघंही भाऊंच्या मागे लागले, की फोनवर एखादं गाणं टाकून द्या. भाऊ प्लेअर लावत, एक मिनिट ऐकवत आणि खटकन बंद करत. "नमुन्यापुरतं एवढं पुरे. आवडलं तर विकत आणा." कुठून आणायचं? तर, "जपानहून." जणू जपान म्हणजे कोपऱ्यावरचा बकाला, चपला घालून निघावं आणि दूध-पाव घेताना एक गाणंही घेऊन यावं!

गाण्यांच्या मूळ जपानी कंपन्याही काही कमी नव्हत्या. नेटवर गाणं शोधावं तर काळ्या चौकटीत पाटी यायची, की हे तुमच्या देशात उपलब्ध नाही. दुसरा चिडला असता. भाऊ खूष! "बघितलात? यांना म्हणतात स्वतःची किंमत ठेवणं." असं किंमत ठेवता ठेवता गिऱ्हाईक कधी निघून गेलं, ते ना त्या कंपन्यांना कळलं, ना भाऊंना. फिलिपिनो पोरगी कोरियन गाण्यांकडे वळली. मालकाचा मुलगाही वळला. सालमियाच्या दुकानांत मोबाइलच्या कव्हरांवर कोरियन पोरांचे गोरे गोरे चेहरे लटकायला लागले. भाऊंनी कोरियाचं नाव टाकलं. "शेजारचे" म्हणायचे, तेही तोंड फिरवून. "शेजारचे वाटतायत वाटाण्यासारखी. फुकट. मेल्यांना लाज नाय." आणि पुढच्याच दमात मला विचारायचे, "पण वैनी, जपानचं कोण ऐकत का नाय ओ आता?" मी पोळी वाढायचे. रस्ता विचारायचा आणि सांगितला तर ऐकायचा नाही, अशा माणसाला काय सांगणार, कपाळ?

एकच माणूस भाऊंच्या पंगतीत टिकला होता. आमची इरा. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसायची, आणि तिच्यासाठी मात्र गाणं पुरं वाजायचं. तिला गाणी तोंडपाठ व्हायची. अर्थ तिलाही कळत नव्हता, त्यांनाही नाही, पण दोघं माना अशा डोलवत की बघणाऱ्याला वाटावं टोकियोतच जन्म गेला. भाऊंचा स्वतःचा मुलगा गावी. दोन वर्षांतून एकदा महिनाभर दिसायचा. त्यामुळे इरावर त्यांचा किती जीव होता हे मला दिसायचं, आणि म्हणूनच मी तो सीडी प्लेअर शुक्रवारमागून शुक्रवार सहन केला.

इरा तेरा वर्षांची झाली आणि खलास. मैत्रिणी, नाच, शेजारचे. भाऊ आले की ती दारातून "हाय काका" म्हणायची आणि "काका, प्लीज, नॉट टुडे" म्हणून खोलीत जायची. भाऊ माझ्या मिस्टरांना गाणी ऐकवू लागले. मिस्टर तिसऱ्या मिनिटाला घोरायचे.

त्याच वर्षी गॅरेजमालकानं भाऊंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. दिवाळीनंतर कायमचं गावी. जपानभाऊंनी आयुष्यात आमच्याकडे काही मागितलं नव्हतं, ते एका शुक्रवारी इराला म्हणाले, "मराठी मंडळाच्या दिवाळीत एक गाणं म्हणशील? आपल्यातलं. मी जायच्या आधी. एकदा लोकांनी पुरं ऐकायला हवं गो."

पोरगी वाईट नाही माझी. लगेच हो म्हणाली. "पण काका, सगळं विसरलेय मी. फोनवर कॉपी द्या ना, प्रॅक्टिस करते."

"कॉपी नाय करायची. मी शुक्रवारी आणतो, तेव्हा बसू."

शुक्रवारी इराची नाचाची तालीम. चार शुक्रवार भाऊ पेटी घेऊन आले आणि पेटी घेऊन गेले. इरा सांगून थकली, मी सांगून थकले, मिस्टर तर चिडले. भाऊ हसत म्हणायचे, "होईल ओ." व्हायचं काय होतं? दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या कन्येनं पाच मैत्रिणींसह शेजारच्यांच्या गाण्यावर नाच केला. भाऊ पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी, सगळ्यांच्या आधी. मला रडू आलं आणि रागही आला.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना फाडफाड बोलले. "तुम्ही तुमच्या हातानं घालवलंत, भाऊ! पोर तयार होती. एक गाणं दिलं असतंत तर काय आकाश कोसळणार होतं?"

भाऊ म्हणाले, "वैनी, तो जपानी साहेब सहा महिने माझ्याशी बोलायचा. मला एक अक्षर कळायचं नाय. जाताना पेटी दिली नि बोट हलवून म्हणाला, नो कॉपी. तेवढंच काय ते मला कळलं. आता तेवढंसुद्धा मोडू?"

मी त्यांना गाडीत बसवलं आणि घरी नेऊन बिरडं वाढलं.

भाऊ गेले, पेटीही गेली. महिन्याभरानं इराच्या फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला, साडेचार मिनिटांचा. प्लेअरसमोर फोन धरून पुरं गाणं रेकॉर्ड केलेलं. मागे कोंबडं ओरडतंय, त्यांची बायको "कसला हो हा घोळ?" म्हणतेय, आणि गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली भाऊ स्वतः म्हणतायत. बेसूर, चुकीच्या शब्दांनी, अगदी शेवटपर्यंत. इतक्या वर्षांत आमच्यासमोर त्यांनी एक ओळ म्हटली नव्हती. इरानं ते दहा वेळा ऐकलं असेल. दहाही वेळा खोलीचं दार लावून.

परवा कळलं की त्या गाण्याच्या जपानी कंपनीनंही अखेर हात टेकले. गाणी नेटवर खुली केलीत, फुकट, कुठल्याही देशात. मी हौसेनं तेच गाणं शोधून इराला लावून दिलं. आवाज काय स्वच्छ! कोंबडं नाही, काही नाही. तिनं अर्धं ऐकलं आणि फोन मला परत दिला.

"हे बरोबर नाहीये, आई. यात काका गात नाहीत."