त्याच्या खात्यातला माझा फोन

शाळेत मोबाईलवरून माहिती भरायची सक्ती झाली तेव्हापासून मी अँड्रॉइडच वापरत आले. फोन बदलले, घराणं बदललं नाही. मागं कसं जायचं, जोडाक्षर कसं काढायचं, सगळं बोटांना पाठ. स्टाफरूममध्ये कुणाचं अडलं की फोन माझ्या हातात यायचा. म्हणून निवृत्तीनंतर मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं स्वतःचा जुना आयफोन माझ्यापुढं ठेवला, तेव्हा मला काही आनंद झाला नाही.

"माझा चांगला चालते," मी म्हटलं.

"आई, तू इथं एकटी. हा सेफ आहे. मला तिथून सगळं दिसेल."

हे मी मायेचं बोलणं समजले.

तिरोड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं तो फोन त्याच्याच खात्यावर चालू करून दिला. माझं वेगळं खातं काढ म्हटलं, तर म्हणाला, "पासवर्ड विसरशील." तीस वर्षं पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. माझा जुना फोन तो सोबत घेऊन गेला. ऑफिसात कुणाला तरी हवा होता म्हणे.

नव्या फोनला मागं जायचं बटणच नव्हतं. मराठी लिहिताना अक्षरं हुकायची. सून फोनवर हसायची, "आई, सवय होईल." झालीही. कॅमेरा मात्र खरंच चांगला होता, हे मान्य करते.

त्या हिवाळ्यात मी पुष्कळ फोटो काढले. आमच्याच शाळेत गणित शिकवलेले एक सर होते, माझ्यासारखेच निवृत्त. त्यांची बायको जाऊन बराच काळ झाला होता, माझे यजमानही नव्हते. धानाची कापणी आटोपली की ते स्कूटरवर चोरखमाऱ्याच्या तलावावर पाखरं बघायला जात. एकदा म्हणाले, "मॅडम, घरी बसून काय करून राहिल्या? चला." मी गेले. मग जातच राहिले. तलावाच्या मातीच्या पाळीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचो, कोणता विद्यार्थी कुठं लागला ते बोलायचो. पुष्कळदा बोलायचोही नाही. ते दुर्बीण लावून बसत आणि मी त्यांचा फोटो काढी. एवढंच. यापेक्षा जास्त काही असतं तरी ते कुणाला सांगायची गरज मला वाटली नसती.

एका रविवारी दुपारी मुलाचा फोन आला.

"चोरखमाऱ्याला कशाला जातेस सारखी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? फोन कुठं आहे ते दिसतं मला. फोटोपण येतात इकडं. हिच्या टॅबवरपण येतात. तिच्या आईनं बघितले. कोण आहेत हे, म्हणून विचारलं."

मी काढलेला प्रत्येक फोटो पुण्यात सुनेच्या दिवाणखान्यात उघडत होता. मी कुणाला फोन केला, तेही त्याच्या फोनवर उमटत होतं.

"आमच्या शाळेचे सर आहेत," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. पण या वयात लोक काय म्हणतील?"

"लोकांनी कुठं पाहिलं? तुम्हीच पाहून राहिले."

पुण्याला गेल्यापासून तो आमच्यासारखं बोलत नाही. त्या दिवशी मात्र बोलला. "मंग तू कायले जाते त्याच्यासंग?" एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढच्या वेळी सर आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर दारातच उभे राहून बोलले. बसा म्हणाले नाहीत.

"तुमच्या पोराचा फोन आला होता. चांगलाच बोलला, वाईट नाही बोलला. पण मॅडम, माझ्या पोरीचं लग्न व्हायचं आहे अजून."

"तुम्ही काय म्हटलं त्याला?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

मला मुलाचा राग आला होता. त्या 'बरं'चा त्याहून जास्त आला. साऱ्या शाळेवर दरारा असलेला माणूस, आणि माझ्या पोरापुढं एक वाक्य निघालं नाही.

मी गोंदियाला जाऊन साधा अँड्रॉइड घेतला. दुकानदार म्हणाला, "मैडम, सब लोग उधर जाते हैं, आप वापस आ रहे हो?" मी म्हटलं, "खाता मेरे नाम से खोलना है." ते मीच उघडलं. पासवर्डही कुणाला विचारला नाही.

मुलाला कळवलं तेव्हा तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. "ठीक आहे," म्हणाला. "तो फोन कुरिअरनं पाठव. हिच्या भावाला देऊ."

"त्यातले फोटो आधी माझ्याकडं घेते."

"तू काही करू नकोस. क्लीन मी इथून करतो."

मी फोन चार्जिंगला लावून केबल शोधायला आत गेले. परत आले तर पडदा काळा झाला होता. थोड्या वेळानं उजळला आणि वेगवेगळ्या भाषांत नमस्कार दाखवू लागला, जणू आत्ताच खोक्यातून निघाला. तलाव, पाखरं, सर, माझे स्वतःचे दोन-चार बरे निघालेले चेहरे, काही उरलं नव्हतं. त्याच्या खात्यात असतील किंवा त्यानं तिथूनही पुसले असतील. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

फोन मिळाल्यावर त्याचा 'मिळाला' एवढाच मेसेज आला. आता सणासुदीला बोलणं होतं, तब्येतीची चौकशी होते. मी कुठं जाते हे तो विचारत नाही. सर बाजारात भेटतात, हात जोडतात आणि भाजीवाल्याशी बोलायला लागतात. मीही त्यांना थांबवत नाही.