कोबेतल्या निवाऱ्याच्या दारात

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत पणजोबांना एकच ओळ मिळणार होती. ‘भास्कर, नोकरीनिमित्त जपानला, पुढील माहिती नाही.’ त्यांचा धाकटा भाऊ बेचाळीसला तुरुंगात गेला होता, त्याला अर्धं पान. मोठे काका संपादक. मी टोकियोहून फोन करून म्हटलं, "माहिती नाही म्हणजे आपण शोधली नाही."

"शोधण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "सगळे इथे लढत होते आणि हा माणूस तिकडे जपानी भात खात बसला. आमच्या आजीला वाऱ्यावर सोडून दुसरा संसार थाटला असणार. झाकलेलं बरं."

तो ‘असणार’ मला टोचला. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर आम्हालाही घरून असेच फोन यायचे. परत या, तिथे काय ठेवलंय? मी आणि माझा नवरा मिलिंद राहिलो. आमची कामं इथे होती, लेकीची, इराची, शाळा इथे होती. राहणाऱ्या माणसाबद्दल लांबून काहीही बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

पणजोबा मुंबईतल्या एका कापडाच्या पेढीचे कोबेतले कारकून होते, एवढंच नक्की ठाऊक होतं. माझ्या ऑफिसातल्या ओकाबे-सान मूळच्या कोबेच्या. भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या तेव्हा आम्ही दोघी बरोबर चालत घरी आलो होतो. त्यांच्या आईच्या मंडळात युद्धकाळ पाहिलेली म्हातारी माणसं येतात. ओकाबे-साननी तिथे विचारलं आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं. हारुए-सान नावाच्या आजींना बंदराजवळच्या गल्लीतले एक भारतीय गृहस्थ आठवत होते. चष्मा, लांब कोट, नाव ‘बासुकारु’.

नेमके तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. मी विचारलं, "येताय कोबेला?"

"तू जा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वेटर घालून दारात उभे. "मी काही त्याला माफ करायला येत नाहीये. बघायला येतोय."

कोबेला जाताना

पर्यटक म्हणून येणाऱ्यांनी रेल्वेचा पास भारतातूनच घेऊन यावा. तो सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीला चालत नाही, म्हणून आम्ही तिच्या खालोखालची हिकारी घेतली आणि शिन-ओसाकाला बदलली. जाताना उजवीकडची खिडकी मागा, फुजी तिकडून दिसतो. आमच्या वेळी ढगात होता. बाबा म्हणाले, "असू दे, आपण त्याला भेटायला निघालेलो नाही."

शाकाहारी मंडळींसाठी सांगते, उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्श्यातही मासळीचं पाणी असतं. कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आंबट खारवलेलं फळ घातलेला भाताचा गोळा, हा प्रवासातला भरवशाचा आधार. बाबांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "लोणचं-भात. उगीच भ्यायलो."

शिन-कोबे स्टेशन डोंगराच्या पायथ्याशीच आहे. तिथून मेट्रोने एका स्टेशनावर सान्नोमिया, हॉटेल तिथेच घ्यावं. संध्याकाळी कितानो नावाच्या जुन्या वस्तीच्या चढावर भारतीय खानावळ सापडली. गुडघे दुखत असतील तर वर बसने जा आणि उतरताना चाला. वरून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. बाबा बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

"माझी आजी कुंकू लावायची, तुला माहितीये?" ते म्हणाले. "शेवटपर्यंत. लोक म्हणायचे, तो मेला असेल, पूस. कुणी म्हणायचे, त्याने तिकडे दुसरी केली असेल, तरी पूस. ती म्हणायची, माझ्यासमोर येऊन सांगा कुणीतरी. माझा बाप याच चिडीत वाढला. आणि मी बापाच्या चिडीत."

उतरताना आम्ही चालतच आलो.

हारुए-सान

सकाळी ओकाबे-सानची आई आम्हाला हारुए-सानकडे सोडून गेली. आजींनी ऐंशी ओलांडलेली, पाठ वाकलेली, आवाज खणखणीत. त्यांची गल्ली युद्धात जळली आणि १९९५च्या कोबेच्या भूकंपात पुन्हा पडली. दोन्ही वेळा त्या तिथेच परत राहायला आल्या. "मुलगा म्हणतो ओसाकाला चल," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, तूच ये."

चहा ओतता ओतताच त्यांनी सुरुवात केली. मी बाबांना मराठीत सांगत होते.

"बासुकारु-सान भारतीयांच्या स्वातंत्र्य मंडळाचं काम करायचे. बंदूक नव्हती हातात. दंडाला पट्टी, हातात बादली. भारतीय घरांचं रेशन आणायचे, वाटायचे. त्या मंडळाच्या सेनेतली, जपानला शिकायला आलेली पोरं सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला यायची. आमच्या गल्लीच्या आग विझवायच्या रांगेतही ते असायचे. परदेशी माणूस म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून आले."

मग त्या थांबल्या आणि बाबांकडे वळल्या. "आता जे सांगणार आहे ते माझ्या वडिलांबद्दल आहे. ते त्या गल्लीचे प्रमुख होते."

डोंगराच्या पोटात खणलेला एक निवारा होता. विमानं आली की सगळी गल्ली तिथे जायची. एका हल्ल्याच्या वेळी गोदीवर राबणारी कोरियन मजुरांची दोन-तीन कुटुंबंही धावत आली. आत दाटी झाली होती. हारुए-सानच्या वडिलांनी त्यांना बाहेर काढायला सांगितलं. आधी आपली माणसं.

"बासुकारु-सान दारात जाऊन उभे राहिले. त्यांचं जपानी मोडकं होतं. एकच शब्द म्हणत होते, ज़ेन-इन. सगळे. वडील म्हणाले, तू आमचा पाहुणा आहेस, बाजूला हो. ते म्हणाले, हे बाहेर गेले तर मी पण बाहेर. वडिलांनी त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा पडला. ते हलले नाहीत. बाहेर बॉम्ब पडायला लागले होते, वाद घालायला वेळ नव्हता. सगळे आत राहिले."

"मग?" बाबांनी मराठीतच विचारलं. त्यांना ते कळलं.

"मग पोलिसांनी नेलं त्यांना. परत आले तेव्हा लंगडत होते. रेशनही कमी केलं होतं. वडील घरी संतापून सांगायचे, तो इंदोजिन, तो भारतीय, मला म्हणतो, आमच्या देशात आम्ही लढतोय ते कुणी कुणाला असं दाराबाहेर काढू नये म्हणून." आजींनी कप खाली ठेवला. "माझे वडील चुकले होते. मी हे आमच्या म्हाताऱ्यांच्या मंडळात दर वेळी सांगते. काही लोकांना आवडत नाही. न आवडू दे."

मी सांगता सांगता अडखळले. कोरियावर राज्य करणाऱ्यांच्याच मदतीने आपल्या लोकांची स्वातंत्र्याची लढाई इथून चालली होती. हे अवघड वास्तव शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही. पणजोबांना ते त्या दारात लख्ख दिसलं असणार, आणि ज्यांचं मीठ खात होते त्यांच्याच तोंडावर त्यांनी नाही म्हटलं.

"एक विचारायचं होतं," हारुए-सान म्हणाल्या. "पुढच्या हल्ल्यात गल्ली पेटली. मी घाबरून पायरीवर बसून राहिले होते. त्यांनी माझा हात धरून ओढत नेलं. त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडत होते. आजवर कुणाला अर्थ विचारता आला नाही." त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश म्हटलं, "पोरी, चारु. पोरी, चारु."

मी बाबांकडे पाहिलं. ते जागचे उठले होते.

"पोरी, चल," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, असं परक्या मुलीला म्हणत नाहीत. आपल्या लेकीला म्हणतात. सांग, माझी आत्या तेव्हा एवढीच होती."

मी सांगितलं. हारुए-साननी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

शेवटी बाबांनीच विचारलं, ते परत का आले नाहीत?

"युद्ध संपल्यावरच्या हिवाळ्यात तापाची साथ आली. निर्वासितांच्या छावणीत ते पाणी उकळून द्यायचे. तिथेच त्यांनाही ताप आला आणि त्यातच ते वारले. पेढी बंद होती, भारतीय पांगले होते. गल्लीतल्या लोकांनीच अग्नी दिला. माझे वडीलही तिथे आले होते. खाली मान घालून उभे होते."

बाबा खाली बसले. "म्हणजे आजी कुंकू लावत होती तेव्हा..." ते म्हणाले.

निवारा

हारुए-सान काठी टेकत आमच्याबरोबर आल्या. चढ फार नाही, पण बूट चांगले हवेत. निवाऱ्याचं तोंड आता सिमेंटने बुजवलंय, बाजूला कुणीतरी मुळे लावलेत. पाटी नाही. पालिकेकडे आजींनी अनेकदा अर्ज केलाय, अजून करतात. फोटो काढण्यासारखं काहीच नाही, तरीही कोबेला गेलात तर गोमांसाच्या रेस्तराँबाहेरची एक रांग कमी करा आणि इकडे या.

बाबा सिमेंटला पाठ लावून दाराच्या जागी उभे राहिले, तोंड बाहेरच्या बाजूला. मी फोटो काढला नाही.

घरी

टोकियोत, कोतोतल्या आमच्या घरी परत आल्यावर इराने आजोबांना जपानीतच विचारलं, "दो दात्ता?" म्हणजे कसं झालं. बाबांनी तिला मराठीत सगळं सांगितलं, थप्पडही. ती म्हणाली, "मारणाऱ्याची मुलगी सॉरी म्हणाली?" बाबा म्हणाले, "त्याहून अवघड काम केलं तिने. खरं सांगितलं."

रविवारी काकांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते एकदम उत्साहात आले. "अरे वा, मग लिहू या, सशस्त्र लढ्यात सहभाग. सेनेतच होते म्हणायचे. कोण बघायला जातंय?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, बंदूक नव्हती त्यांच्याकडे. बादली होती. ते दारात उभे राहिले आणि मार खाल्ला. जे झालं तेच लिही. आणि आजीचंही लिही, तिला शेवटपर्यंत कुणी काही कळवलं नाही म्हणून."

"एवढं सगळं? जागा कुठे आहे? पानं ठरलीयेत."

"माझी नोंद केवढी आहे?"

"तुझी? पाव पान. शिक्षण, बढत्या, तू बांधलेल्या पुलाला मिळालेला तो पुरस्कार."

"ती काढ," बाबा म्हणाले. "माझं नाव तेवढं ठेव, एका ओळीत. बाकी जागा त्यांना दे."

काका काहीतरी बोलत होते. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "मीनल, लिहायला बस. मी सांगतो."