बारा झडपांचे चाचा

आमच्या थेटरातले वायरमन चाचा कुणालाही माफ करत नसत. एकदा सुतारानं त्यांना न विचारता छताजवळच्या झडपेवर प्लायवूड ठोकलं, तर त्याच्याशी त्यांनी अकरा वर्षं अबोला धरला. सुतार दर ईदला घरी यायचा, शिरखुर्मा खाऊन जायचा, वाटी चाचाच भरून द्यायचे, पण तोंडातून शब्द नाही. "माफ कराय मी काय पीर हाय व्हय?" असं वर मलाच विचारायचे. मी तिकीट खिडकीवर बसायची. हा माणूस मला पहिल्याच आठवड्यात आवडला, कारण माझाही स्वभाव काही फार निराळा नाही. हे लिहायला बसले आहे तेही कुणाला बरं वाटावं म्हणून नव्हे.

वाया जाणारी वीज त्यांना अंगावर फोड आल्यासारखी टोचायची. रिकाम्या संडासात दिवा जळताना दिसला की कोण शेवटचं आत गेलं होतं याचा छडा लावल्याशिवाय जेवत नसत. शो चालू असताना दार उघडं धरून फोनवर बोलणारा एखादा बडा माणूस असला तरी त्याची गय नव्हती. "पावणं, दार लावा. गारवा काय तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलाय?" हे एवढ्या मोठ्यानं, की बाल्कनीतली माणसंही दाराकडं बघायची.

थेटर जुनं, एकच पडदा, वर पत्रा. असलं थेटर उन्हाळ्यात भट्टी होतं. आमचं होत नसे. दर शिमग्याला चाचा पत्र्यावर चुना मारून घ्यायचे, स्वतः वर उभं राहून. छताला लागून बारा लाकडी झडपा होत्या, दोरीनं ओढायच्या. त्या पहाटे उघडायच्या, रात्रीची कोंडलेली हवा बाहेर काढायची, आणि ऊन चढायच्या आत बंद करायच्या. मग शो सुरू झाला की प्रोजेक्टरच्या खोलीच्या भोकातून माणसं मोजायची आणि तेवढाच एसी लावायचा. "माणूस म्हंजे चालती शेगडी. आधी शेगड्या मोजायच्या, मग मशिन." शेवटच्या मारामारीच्या आधी तर एसी बंदच करायचे. म्हणायचे, "हिरो मरतोय का जगतोय बघताना कुणाला उकडत न्हाय." आणि खरंच, इतक्या वर्षांत माझ्या खिडकीवर तशी एकही तक्रार आली नाही.

थोरले मालक होते तोवर स्विच रूममध्ये चाचांचा शब्द शेवटचा. ते गेले आणि धाकटे मालक आले. त्यांना थेटर 'ग्रीन' करायचं होतं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यासाठी त्यांनी पुण्याहून वीज वाचवायचा सल्ला देणारा एक साहेब आणला. हा साहेब महिनाभर चाचांच्या मागं मागं फिरला. झडपा कधी, चुना कसला, एसी किती वाजता, सगळं लिहून घेतलं. जन्मभर कुणावर विश्वास न टाकलेल्या माणसानं त्याच्यावर मात्र टाकला. घरून त्याच्यासाठी डबा आणायचे. "शिकाय आलंय बिचारं," म्हणायचे.

मग जाड कागदाचा रिपोर्ट आला. वर दोन नावं, साहेबाचं आणि धाकट्या मालकांचं. मी तो खिडकीत बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. झडपा होत्या, चुना होता, शेगड्यांचा हिशेबसुद्धा इंग्रजीत होता. चाचा कुठंच नव्हते. एके ठिकाणी 'स्थानिक कर्मचारी' असं होतं, ते बहुधा हेच. मी वाचून दाखवलं तेव्हा चाचांनी चंची उघडली. तंबाखू मळत राहिले, आणि मळलेली तशीच टाकून दिली. त्याच आठवड्यात धाकटे मालक म्हणाले, "चाचा, आता सगळं आपोआप होणार. तुम्ही निवांत पार्किंगला बसा."

आपोआप म्हणजे काय, तर थेटरभर सेन्सर. माणसाची हालचाल झाली की दिवे लागणार, नाही झाली की विझणार. संडासात आणि जिन्यावर ही युक्ती नामी आहे, मी नावं ठेवणार नाही. पण साहेबानं दोन सेन्सर पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेवरही बसवले, झाडलोट झाल्यावरही तिथले दिवे तसेच चालू राहतात म्हणून. चाचांनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "साहेब, पब्लिक नाचतंय, त्येचं काय?"

साहेब हसला. "चाचा, लोक सिनेमा बघायला येतात, नाचायला नाही."

चाचा परत फिरले. मला म्हणाले, "पोरी, मी येकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची माझी रीत न्हाय."

नव्या मोठ्या सिनेमाच्या पहिल्याच शोला या 'आपोआप'चं उद्घाटन ठेवलं होतं. बाल्कनीत पाहुणे, मध्यंतरात त्यांनी मालकांना 'ग्रीन थेटर'चा फलक द्यायचा बेत. पडद्यावर हिरो आला आणि खालच्या स्टॉलमधली निम्मी पोरं टॉवेल फिरवत पडद्यासमोर नाचायला धावली, जशी कोल्हापुरात कायमच धावतात. भक्कन सगळे दिवे लागले. पडदा पांढरा फटक. हिरो दिसेना. "लाईट घालव की रं!" म्हणून ओरडा झाला, पोरं जागेवर बसली, दिवे विझले. पोरं पुन्हा उठली, पुन्हा दिवे. हे आपल्यामुळं होतंय हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि मग काय विचारता! सिनेमा राहिला बाजूला. एकजण पुढं जाऊन उडी मारायचा, दिवे लागायचे, शिट्ट्या पडायच्या. पाहुण्यांपैकी एक बाई हसून हसून खोकायला लागल्या. साहेब नव्या स्विचांची बटणं दाबत होता आणि एकही ऐकत नव्हतं.

जुन्या मेन बोर्डावरून ती लाईन एका खटक्यात तोडता आली असती. कुठला खटका ते फक्त चाचांना माहीत, आणि बोर्डाची किल्ली, पार्किंगला जाताना त्यांनीच दिलेली, माझ्या ड्रॉवरमध्ये. धाकटे मालक पळत पार्किंगमध्ये गेले. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"चाचा, चला आत. लवकर!"

चाचा एक स्कूटर सरळ करत होते. "मालक, पार्किंग सोडून कसा येऊ? गाड्या कोण बघंल?"

"अहो, इज्जत चाललीय माझी!"

"व्हय? कुठनं गेली? मी हितंच हाय, मला न्हाय दिसली."

मालक माझ्याकडं आले. किल्ली कुठं आहे म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. खोटं बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या दिवशी फलक न देताच पाहुणे गेले, आणि चाचांनी स्वतःच्या पैशानं मला भजी खाऊ घातली.

हॉलमधले सेन्सर आठ दिवसांत निघाले. मालकांनी चाचांना परत स्विच रूममध्ये यायला सांगितलं. चाचांची अट एकच. पैसा नको, पगारवाढ नको. "फलक येईल तवा चारचौघांत माझं नाव घ्या. येवढंच." मालक म्हणाले, "बघू." फलक तीन महिन्यांनी आला, लॉबीत लागला. नावं दोनच. दुसऱ्या दिवसापासून चाचा कामावर आले नाहीत.

जाताना झडपांच्या दोऱ्या कशा ओढायच्या ते मला दाखवून गेले. तेव्हापासून माझ्या गावाहून, गडमुडशिंगीहून, सुटणारी पहिली बस धरून मी पहाटे यायला लागले. मालकांना वाटायचं, गारवा साहेबाच्या मशिनचा. कॉलेजची पोरं 'ग्रीन थेटर' बघायला यायची, मालक त्यांना फलकाखाली उभं राहून भाषण द्यायचे. मी तिकिटं फाडत ऐकायची. दात आवळून आवळून दुखायचे माझे.

या वर्षी चाचांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "झडपा कोण उघडतंय?"

"मी."

"उघडू नगंस. येक दिस तरी बंद ठेव. कळू दे त्येस्नी."

"चाचा, पब्लिकचा काय गुन्हा?"

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सुताराच्या रांगेत मीही जाऊन बसले. वाईट वाटलं, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे दोऱ्या ओढल्याच.

वैशाखात एका पहाटे बसमध्येच त्यांच्या मुलाचा फोन आला. थेटरात पोचले. पडद्यासमोर उभी राहून त्या बारा दोऱ्यांकडं बराच वेळ बघितलं आणि खाली बसून रडले. मग डोळे पुसून तिकीट खिडकी उघडली. दोरीला हात लावला नाही.

मॅटिनीला माणसं रुमालानं वारा घेत बाहेर यायला लागली. एसी पुऱ्या जोरात घरघरत होता आणि हॉल चुलीसारखा तापला होता. धाकटे मालक घामानं निथळत खिडकीशी आले.

"आज काय झालंय हो? मशीन तर फुल्ल चालू आहे."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आज पहाटे चाचा गेले."