मधोमध बसवलेली दांडी

गल्लीत तिला सगळे वायरमनबाई म्हणत. ट्रकचं वायरिंग करून करून हात काळे झालेली बाई. नवऱ्याने मागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं, तेव्हा त्यातलं वायरिंगही तिच्याच गळ्यात पडलं. नवरा मोठा हौशी, आणि हात उगारायला तेवढाच तयार. उलट बोलली म्हणून एकदा त्याने तिचा दात पाडला होता. सासू तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने कानाडोळा केला.

पहिल्या फेरीत शेजारी आईलाच बसवायचं, असं त्याने कबूल केलं होतं. सासू हरखून गेली. वायरमनबाईचा मात्र जीव टांगणीला लागला. जळत्या वायरचा धूर तिने ट्रकच्या केबिनमध्ये पाहिला होता. ड्रायव्हरला स्वतःचा हात दिसला नव्हता. म्हणून तिने आधी प्लायवूडचं नकली पॅनेल केलं आणि त्यावर खडूने एकेक वायर आखली. बॅटरी सीटमागे, फ्यूज हाताशी, आणि बॅटरीचा प्रवाह तोडणारा मुख्य स्विच बरोबर मधोमध, दोघांच्याही हाताला येईल असा. सासूची बोटं आखडलेली, म्हणून त्याला लांब दांडी. बॅटरी तोडली तरी इंजिन चालू राहणार होतं, त्याची ठिणगी वेगळी. रोज ती सासूला पॅनेलसमोर खुर्चीत बसवून डोळ्यांवर फडकं बांधायची.

"आई, धूर झालाय. ओढा."

नवऱ्याला ती दांडी डोळ्यांत खुपायची. "विमान आहे का हातपंप? स्विच माझ्या डाव्या हाताला पाहिजे."

"तुम्हीच गुदमरलात तर आईंनी काय करायचं?"

त्याने तिचं डोकं धरून पॅनेलवर आपटलं. कपाळ फुटलं, खडूच्या रेघांवर रक्त सांडलं. मग त्याने पक्कड घातली आणि स्विच दांडीसकट उपटला.

सासू फडकं बांधून खुर्चीतच होती. तिने सवयीने हात पुढे केला. बोटं भोकात गेली. तिने पुन्हा चाचपलं.

"दांडी कुठे गेली?"

"काढली. घाण दिसत होती."

सासूने फडकं सोडलं. सुनेचं कपाळ पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं. "आणि मी मेले तर?"

"काहीतरीच बोलतेस आई," म्हणून तो हसला.

बाकावरचा मोठा पाना सासूने दोन्ही हातांनी उचलला आणि पॅनेलवर टेकलेल्या त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं तिघांनीही ऐकलं. तो शिव्या देत तिच्या अंगावर आला, तेव्हा दुसरा घाव गुडघ्यावर बसला. मग तो खाली पडून रडायला लागला.

सासूने धापा टाकत ते फडकं सुनेच्या कपाळाला बांधलं.

"तुझा दात पाडला तेव्हाच हा पाना घालायला पाहिजे होता," ती म्हणाली. "घे ती दांडी. होती तिथेच बसव."