सपाट डोंगरावरचा कोंडवाडा

आर्लिस स्लोनने तेवीस वर्षं बुलडोझर चालवून जो डोंगर सपाट केला, त्याच डोंगरावर एकसष्टाव्या वर्षी तो एल्कना चारा घालायला लागला. कोळसा काढून झाल्यावर खाणवाल्यांनी वर माती लोटून गवत पेरलं होतं. पूर्व केंटकीतली एल्क त्याच्या पणजोबाच्याही आधी बंदुकांनी संपवली होती. सांबराहून थोराड असलेली ही जनावरं मग पश्चिमेकडून ट्रकने आणून त्या गवतावर सोडली. तिथे ती अशी फोफावली की आता दुसरी राज्यं ती इथून मागून नेत होती. नेण्याआधी त्यांना शंभर दिवस कोंडून तपासावं लागे. त्या हिवाळ्यात उंच जाळीच्या कोंडवाड्यात अठ्ठावीस माद्या होत्या आणि त्यांना रोज सकाळी गवत टाकणारा आर्लिस.

त्याच्या फुप्फुसांत खाणीची धूळ बसली होती. चार पावलं चढला की धाप लागे. खाली खोऱ्यातल्या घराच्या विहिरीला गंजासारखं लाल पाणी येई, म्हणून ते घर कुणी घेईना. मुलगी ओहायोला बोलवत होती. बायको, ओपल, तर कधीची जायला तयार होती.

"तिथे तिसऱ्या मजल्यावर करू काय मी? खिडकीतून गाड्या मोजू?" आर्लिस म्हणे.

"इथे तरी काय करतोस? जाळीपाशी बसून शेपट्या मोजतोस," ओपल म्हणे.

सत्तराव्या दिवशी सकाळी कानात एकोणीस नंबरचा बिल्ला असलेली मादी चाऱ्यावर आली नाही. ती कोपऱ्यात डावीकडे मान कलती करून गोल गोल फिरत होती. बर्फात तिच्या खुरांचं रिंगण उमटलं होतं. खूर दुखावला असेल, आर्लिसने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी रिंगण लहान झालं होतं.

असं फिरण्याचे दोनच अर्थ असतात हे त्याला पढवलेलं होतं. एक, मेंदूत किडा शिरलाय. तो त्या एका जनावराला मारतो, दुसऱ्याला लागत नाही. दुसरा अर्थ झिजरोग, ज्यात जनावर झिजत झिजत मरतं. तो कळपभर पसरतो, आणि एकीत जरी सापडला तरी आतलं एकही जनावर जिवंत ठेवत नाहीत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नक्की कळायला मेंदू कापून तपासावा लागतो.

तिसऱ्या दिवशी ओपलने बीन्सचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "तू मान वाकडी करून का बसतोयस?"

त्याने मान सरळ केली. मग सगळं सांगून टाकलं.

"मग फोन कर की डॉक्टरला."

"केला आणि ते दुसरं निघालं तर? अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जातील, ओपल. मी हाताने चारलंय त्यांना."

"आणि नाही केलास तर?"

त्याने कॉर्नब्रेडचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

दुपारी तो वर गेला आणि फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. कडी सरकवली की संपलं. सगळ्या रानात पांगतील, कुणाला सापडायच्या नाहीत. पण खरंच रोग असला तर तो यांच्याबरोबर डोंगरभर जाईल, तिथल्या हजारोंमध्ये. आतल्या मेल्या तर त्याच्यामुळे, बाहेरच्या मेल्या तरी त्याच्यामुळेच. पलीकडे एकोणीस नंबर फिरत होती. कडीच्या लोखंडाने बोटं बधिर झाली, तेव्हा त्याने हात काढला आणि फोन लावला.

जनावरांची डॉक्टर मेरिडिथ पस्तिशीची होती, फार बोलायची नाही. जाळीतून बराच वेळ पाहून ती म्हणाली, "मिस्टर स्लोन, कधीपासून आहे हे?"

"तीन दिवस."

"तीन?"

"तीन."

तिने ते वहीत लिहिलं. "मला ती बाजूच्या फळ्यांच्या बोळात हवी. माझ्या माणसांना पाहून सगळ्या बिथरतील. तुमच्यामागे येईल?"

आली. सफरचंदांची बादली वाजवली तशी ती रिंगण मोडून, अडखळत, त्याच्यामागे बोळात आली. त्याने मागून फळी पाडून बोळ बंद केला. तिने बादलीत तोंड घातलं, आणि आर्लिस पाठ फिरवून चालू लागला. गोळीचा आवाज झाला तेव्हा तो चालतच होता.

निकालाला सतरा दिवस लागले. तोवर त्याला बूट औषधात बुडवल्याशिवाय आत-बाहेर करता येत नव्हतं, कुणाच्या गोठ्याकडे फिरकायची सोय नव्हती. एल्कनी ज्याचा मका दोनदा फस्त केला होता तो शेजारी डेल्मर रस्त्यावर गाडी थांबवून ओरडला, "काय रे, तुझ्या पोरींना वेड लागलं म्हणे! आता तुलाही कोंडणार का?" आर्लिस नुसता हसला. घरी आल्यावर मात्र बूट न काढता तासभर पायरीवर बसून राहिला.

सतराव्या दिवशी मेरिडिथचा फोन आला. किडाच होता. इथल्या लहान हरणांच्या लेंडीतून गोगलगाईत, तिथून गवताबरोबर पोटात. बाकीच्या सत्तावीस जणी ठीक होत्या.

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," आर्लिस म्हणाला.

मार्चमध्ये ट्रक आले आणि सत्तावीस माद्या दुसऱ्या राज्यात गेल्या. काम संपलं. ओपलने एकटीनेच बॅग भरली. उन्हाळ्यापर्यंत लेकीकडे राहते, तुला वाटलं तर ये, म्हणाली. तो तिला बसपर्यंत सोडून परत आला.

वसंतात त्याने नवजात पाडसं शोधायच्या कामासाठी विचारलं, पण पहिल्याच चढावर त्याला खाली बसावं लागलं. त्याऐवजी वन्यजीव खात्याने दुसरंच काम दिलं. कुणाच्या परसात, कबरस्तानात, शाळेमागे एल्क गोल फिरताना दिसलं की लोक आर्लिसला फोन करत. तो गाडी काढून जाई, गाडीच्या दारातूनच पाही. पहिल्या फेरीतच त्याला कळे की हे जनावर आता वाचत नाही. तरी तीन फेऱ्या तो मोजे, आणि मग डॉक्टरचा नंबर लावी.